सरकार लांब राहिलं म्हणून आयटी वाढलं, हे खरं नाही

प्रश्न असा आलाय की आपलं सॉफ्टवेअर सरकारने हात लावला नाही म्हणून वाढलं, मग आता देशात चिप बनवण्यासाठी सरकारने ७६,००० कोटी कशाला द्यायचे? हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तरच लिहितो.

मी नव्वदच्या दशकात पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. घरी साधा फोन हवा तर वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं आणि ऑफिसात मात्र थेट परदेशी क्लायंटपर्यंत ६४ केबीपीएसची सॅटेलाइट लाइन, ती दिली कुणी, सरकारनेच की! १९९१ ला एसटीपीआय, म्हणजे सॉफ्टवेअर निर्यातीला मदत करणारी सरकारी संस्था, सुरू झालं, त्यात डिश त्यांची, कॉम्प्युटर ड्यूटी न भरता आणायचे, आणि निर्यातीच्या नफ्यावरची आयकराची सवलत तर मार्च २०११ पर्यंत चालली. बदल्यात अख्खं ऑफिस कस्टमच्या बॉन्डमध्ये, म्हणजे ड्यूटी न भरता आणलेल्या मशीनवर कस्टमची नजर. एखादं मशीन रिपेअरला बाहेर न्यायचं म्हणजे आधी अर्ज, मग रजिस्टरला नोंद, सही, मग ते जिना उतरणार. वैताग यायचा, पण काम अडलं नाही कधी.

पण याच धोरणाने आम्हाला एका बाजूला ढकललं, हेही बघा. सवलत सगळी निर्यातीला. जवळच्या एका साखर कारखान्याला ऊसबिलांचं सॉफ्टवेअर करून हवं होतं, माणसं दोनदा येऊन बसली, पण ड्यूटी-फ्री मशीनवर देशातलं काम करायला मर्यादा होत्या, परवानग्या होत्या, साहेबांनी नाही म्हणून सांगितलं. मला ते आजही लागतं. बाहेरच्यांना माणसांचे तास विकणं सोपं झालं, आपल्या माणसांसाठी प्रॉडक्ट बनवणं अवघड, आणि जिकडे वाट सोपी तिकडेच सगळी गर्दी गेली.

आता चिपकडे येऊ, आणि त्यासाठी तैवान बघू. १९७६ ला त्यांनी अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिपचं तंत्रज्ञान घेतलं, स्वतःचे इंजिनिअर अमेरिकेत शिकायला पाठवले, आयटीआरआय या सरकारी संस्थेत छोटा कारखाना चालवून बघितला. त्यातून १९८० ला यूएमसी ही चिप कंपनी निघाली आणि १९८७ ला टीएसएमसी, इतरांच्या चिप बनवून देणारी कंपनी, तिच्या सुरुवातीच्या भांडवलात जवळपास निम्मा वाटा सरकारचा होता. म्हणजे तंत्रज्ञान आणल्यापासून टीएसएमसीपर्यंत अकरा वर्षं गेली, तेवढा काळ सरकार मागे उभं राहिलं. आपला मोहालीचा एससीएल हा सरकारी चिप कारखाना १९८४ ला चालू झाला होता, फार मागे नव्हतो हो आपण! १९८९ ला तिथे आग लागली, आणि तो परत उभा राहीपर्यंत जग पार पुढे निघून गेलं.

त्यामुळे ७६,००० कोटी जास्त की कमी यावर मी भांडणार नाही. पहिल्या कारखान्यात अडचण आली तर पुढची दहा वर्षं पैसा चालू राहणार का, आणि तिथे बनलेली चिप इथली कुठली कंपनी विकत घेणार, हे दोन प्रश्न आधी विचारा.