२१ दिवस पूर्ण करूनही व्यायामाची सवय का सुटते?

तुम्ही लिहिलंय, की दोन वर्षं १ जानेवारीला व्यायाम सुरू केलात, दोन्ही वेळा २१ दिवस नेटाने पूर्ण केलेत. मग लग्नकार्याला गावी गेलात, परत आल्यावर राहिलेलं भरून काढायला दुप्पट व्यायाम केलात, अंग आंबून गेलं आणि सगळंच सुटलं. 'माझ्यात जिद्दच नाही का?' असं विचारलंय. जिद्द नसलेला माणूस जानेवारीच्या थंडीत तीन आठवडे पहाटे पाचला उठत नाही हो!

आधी त्या २१ दिवसांबद्दल. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननी १९६० साली लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातल्या सगळ्या सवयी आल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. प्रत्येकाने खाण्यापिण्यातली किंवा व्यायामाची एकच गोष्ट निवडून ती १२ आठवडे रोज एकाच ठरावीक प्रसंगाला जोडून, जसं की नाश्ता झाल्यावर, करायची होती. ती आपोआप घडू लागायला कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. म्हणजे तुम्ही थांबलात तेव्हा निम्मी वाटही झाली नव्हती. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिने एका आषाढी एकादशीला लाख वातींचा संकल्प सोडला होता. दुपारचा चहा झाला की माजघरात पाटावर बसायची, बोटाला किंचित राख लावून कापूस वळायची. शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी बांधून पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि उठायची. रोज शंभर म्हणजे हजार दिवसांचं काम, पण तिच्या तोंडी 'लाख' कधी ऐकला नाही. मध्ये भाऊबंदांकडचं सुतक आलं, तेव्हा कापसाला हात लावला नाही. सुतक फिटल्यावर पुन्हा पाटावर बसली आणि शंभरच वळल्या. मी विचारलं, "आजी, राहिलेल्या कधी करणार?" ती म्हणाली, "राहिलं काय त्यात? आजच्या शंभर झाल्या की."

तुमचं नेमकं इथे चुकलं असं मला मनापासून वाटतं. खंड पडला म्हणून नाही, तो भरून काढायला गेलात म्हणून.

माझी साखर काठावर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी आजीचंच गणित वापरलं. रात्री जेवून ताट मोरीत ठेवलं की चप्पल घालायची, कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं. दहा मिनिटं. पाऊस असला तर इमारतीच्या जिन्यात. कालनिर्णयवर पेन्सिलीने खूण करायची. मध्ये आठ दिवस तापात गेले. त्या चौकटी कोऱ्या सोडल्या आणि नवव्या रात्री दहाच मिनिटं चाललो. तीनेक महिन्यांनी पाहुणे जेवायला होते, ताटं उचलल्यावर गप्पा रंगल्या, आणि बोलता बोलता मी दाराशी जाऊन चप्पल घालत होतो. त्या दिवशी कळलं, की आता हे अंगात भिनलं. आज दहाची तीस मिनिटं झाली आहेत, पण ती वाढवायची घाई मी वर्षभर केली नव्हती.

तुम्ही पहाटे पाचचा हट्ट सोडा. गजर लग्नघरी वाजत नाही, आणि वाजला तरी उठून जायचं कुठे हा प्रश्नच. पण तिथेही तुम्ही दात घासता, चहा घेता. म्हणून दात घासल्यावर, चहाच्या आधी, पाच सूर्यनमस्कार एवढंच धरा. उद्यापासून, १ जानेवारीची वाट न बघता. गावी गच्चीवर किंवा अंगणात जमले तर घाला, नाही जमले तर राहू द्या. आणि परत आलात की पहिल्या सकाळी पाचच घाला.