सायलेन्सरमधून ज्वाळा का निघतात?

प्रश्न : शिमग्यासाठी मुंबईहून गावी येताना परशुराम घाटाच्या उतारावर आमच्यापुढे एक मोटार होती. वळणावर तिचा वेग कमी झाला की सायलेन्सरमधून फटाक्यासारखे आवाज होत आणि ज्वाळा निघत. हा बिघाड होता, की गाडी अधिक ताकदवान असल्याची खूण?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती ताकदीची खूण नव्हे; इंजिनात जळायचे राहिलेले पेट्रोल बाहेर जळत होते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. पेट्रोलचे प्रमाण त्याहून वाढले किंवा प्लगची ठिणगी फार उशिरा पडली, तर न जळलेली वाफ सायलेन्सरच्या तापलेल्या नळीत जाते आणि प्राणवायू मिळताच पेटते. ओल्या लाकडांची चूल धुमसत असताना फुंकणीने फुंकर घातली की धूरच भपकन पेट घेतो, तसाच हा प्रकार आहे.

उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या मोटारींतील ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, सहसा पेट्रोलचा पुरवठा तोडतो, त्यामुळे कारखान्यातून आलेली साधी मोटार घाट निमूटपणे उतरते. ज्वाळांच्या हौसेपायी ‘ट्यूनिंग’ करणारे नेमकी हीच व्यवस्था बदलतात : पाय उचलल्यावरही पेट्रोल सोडत राहतात, ठिणगी मागे ढकलतात आणि पुष्कळदा धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकतात. तो जागेवर असला, तर त्यातली प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियमचा लेप असलेली सिरॅमिकची जाळी या उष्णतेने वितळू शकते आणि वाट तुंबून इंजिन गुदमरते.

रॅली शर्यतींच्या मोटारींत मात्र या ज्वाळांना कारण असते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, वेग पडू नये, म्हणून ‘अँटी-लॅग’ यंत्रणा टर्बोच्या अलीकडच्या नळीतच इंधन जाळून तो फिरता ठेवते. त्यात टर्बो लवकर झिजतो, हे रॅलीचे संघ गृहीत धरतात. रोजच्या मोटारीला ते परवडणारे नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील अशा मनमानी बदलांना मनाई करते.

कोकणापुरती मला याहून मोठी चिंता वणव्याची वाटते. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत सड्यांवरचे, म्हणजे कातळाच्या पठारांवरचे, आणि रस्त्याकडेचे गवत कोळपलेले असते, आणि त्याला लागूनच आंब्या-काजूच्या बागा असतात. ज्वाळेबरोबर उडालेला काजळीचा एक धगधगता कण तिथे पुरेसा आहे. ज्वाळा न सोडणारी मोटारही घाट चढून आल्यावर उंच सुक्या गवतावर उभी करू नये, कारण तापलेला कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली गवताला टेकू शकतो.

कोणताही बदल न केलेली मोटार असे आवाज करू लागली, तर प्लग, इग्निशन कॉइल, ऑक्सिजन सेन्सर आणि गळके इंजेक्टर तपासून घ्यावेत. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर वेग कमी करून जवळचे गॅरेज गाठावे.