मोरी तुंबली म्हणून लगेच ॲसिड ओतू नकोस भावा

नवीन घरात पहिल्यांदाच तुंबलं म्हणून घाबरू नको, प्लंबरला फोन करायच्या आधी सिंकखालच्या पाइपाला फिरवून काढता येणारी वाटी असते ती खोल, खाली बादली ठेव, निम्म्या वेळा सगळा माल तिथंच सापडतो.

किचनमध्ये खरा व्हिलन तेल. मटणाच्या रश्श्याची तर्री गरम असताना सुळकन जाते आणि पुढं पाइपात गार होऊन थिजते, मग तिला भात, चहापत्ती, शेंगाचटणीचा चुरा चिकटत चिकटत भोक बारीक होत जातं. म्हणून ताट-कढई आधी कागदानं पुसून घ्यायची, मग धुवायची. एवढं केलंस तरी बास.

बाथरूममध्ये केस आणि साबण. जाळी उचलून आठवड्यातून एकदा केस काढ, आणि घाण वाटते म्हणून जाळीच काढून टाकू नको, ती चूक मी केली होती 😅

आणि आपल्याकडं पाणी आलं की त्या दिवशी सगळं धुणं एकदम निघतं ना, नवी चादर पहिल्या दोन-तीन धुण्यात ढीगभर लव सोडते बे, मोरीच्या तोंडाला जुना पायमोजा बांध, कळेल.

नवीन लोक हमखास काय चुकतात:
- उकळतं पाणी ओतणं. प्लास्टिकचा पाइप मऊ पडतो, नुसतं गरम पुरे.
- मोरी साफ करायची एक पावडर चालली नाही म्हणून त्यावर ॲसिड. उसळून अंगावर येतं, अजिबात नको.

दोन मोऱ्या एकदम तुंबल्या तर मात्र बाहेरचं चेंबर बघ.