बियाण्याला परवानगी कोण देतं? त्या टेबलापर्यंत कसं पोचायचं?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातली. बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, दुसरं वर्ष. घरी कपाशी. दर मे महिन्यात गावात तणनाशक सहन करणारं एचटीबीटी बियाणं चोरून येतं. सरकार म्हणतं बेकायदा, शेतकरी म्हणतात निंदणीचा खर्च वाचतो. हे ठरवतं कोण? त्या कामात करिअर आहे का? पप्पा म्हणतात, बी.एड. कर.

उत्तर : ठरवणारं टेबल एक नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली नियम झाले. त्यांनुसार जनुक बदललेल्या बियाण्याचा प्रस्ताव आधी संस्थेच्या स्वतःच्या जैवसुरक्षा समितीत जातो, मग जैवतंत्रज्ञान विभागाच्या आरसीजीएम या आढावा समितीकडे, शेवटी पर्यावरण मंत्रालयाच्या जीईएसी या मूल्यांकन समितीकडे. शेतावर चाचणी घ्यायची तर राज्याचं ना-हरकत पत्रही लागतं.

बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूतलं जनुक घातलेला कापूस, या वाटेने मार्च २००२ मध्ये मंजूर झाला. बीटी वांग्याला जीईएसीने ऑक्टोबर २००९ मध्ये होकार दिला, पण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सभा घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० ला त्याला स्थगिती दिली. समितीपुढचा प्रश्न होता, हे वांगं खायला आणि पर्यावरणाला सुरक्षित आहे का. सभांतल्या लोकांना बियाणं कुणाच्या हातात जाईल, गावरान वाणांचं काय होईल, हेही विचारायचं होतं. भरिताच्या वांग्याच्या मुलखात हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळा देते, दुसऱ्याचं देत नाही. आमच्या मते चूक क्रमात झाली : लोकांना निकालानंतर नव्हे, आधी विचारायला हवं होतं.

परवानगी मिळाली म्हणजे कारभार संपला असंही नाही. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं, आठवतं? ते भोवतीच्या ओळींत लावायचं होतं. त्यावर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या प्रतिकारक पतंगांशी जुळतील आणि पुढच्या पिढीतली प्रतिकारशक्ती पातळ होईल, असा हिशोब. प्रत्यक्षात बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकलं. दोन-चार एकरवाला अळीसाठी वेगळ्या ओळी कशाला राखेल? ते लावलं की नाही हे बघायलाही कुणी आलं नाही. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात ठेवणं, चालूच राहिली, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी पोखरली. नियम शास्त्राला धरून होता, शेताला धरून नव्हता. आता बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून येतं. नियम लिहिला जात असताना ही अडचण सांगू शकेल असा माणूस म्हणजे तुझं करिअर.

तेव्हा शास्त्र सोडू नकोस. एम.एस्सी. कर, सोबत संख्याशास्त्र पक्कं कर. चाचणी किती ठिकाणी, किती हंगाम झाली आणि तुलना कशाशी केली, हे वाचता आलं नाही तर धोरणावरची चर्चा नुसती मतामतांची होते. पुढे दिल्लीत जेएनयूमध्ये विज्ञान धोरणाचं स्वतंत्र केंद्र आहे, सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची विज्ञान संप्रेषण आणि धोरणावरची निस्पर ही संस्था आहे. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र आणि सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांसाठी लॅम्प फेलोशिप असते. तिच्यात खासदारासोबत संसदेच्या कामाचा अभ्यास करता येतो. बियाणे कंपन्यांच्या रेग्युलेटरी, म्हणजे परवानग्या मिळवणाऱ्या, विभागांतही काम मिळतं. तिथे फाइल कशी बांधतात ते नीट शिकता येतं, मात्र पगार कोण देतो हे विसरायचं नाही. एमपीएससीच्या कृषी सेवेला कृषी शाखेची पदवी मागतात, त्यामुळे त्या क्लासचे पैसे भरण्याआधी जाहिरात वाच.

एक गोष्ट पप्पांपासून लपवू नकोस : या क्षेत्रात कायम नोकऱ्या थोड्या, कराराच्या जास्त, आणि त्याही बहुतेक मोठ्या शहरांत. बी.एड. हा हाताशी ठेवायचा पर्याय म्हणून वाईट नाही, पण एम.एस्सी.नंतर.

या सुट्टीत एक काम कर. जीईएसीच्या बैठकांचे इतिवृत्तांत मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. एक निवड आणि मराठीत दोन पानं लिही : काय विचारलं, कोणता पुरावा पाहिला, काय विचारलंच नाही. कागद कमी पडला तर माहिती अधिकारात अर्ज टाक. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'परवानगी का दिली?' असं विचारलंस तर अर्ज परत येईल. बैठकीचा क्रमांक आणि तारीख घालून कागदाची प्रत माग. व्यापारी गुपित म्हणून नकार आला तर ज्या कलमाखाली तो येतो त्याच कलमात व्यापक जनहिताची पळवाट आहे, ती वापरून अपील कर.

मग घरी विषय काढ. 'विज्ञान धोरण' म्हणालीस तर पप्पा पुन्हा बी.एड.वर येतील. १२० ग्रॅमच्या पाकिटापासून सुरुवात कर, पुढचं तेच सांगायला लागतील. ते लिहून घे.