उष्णतेनं भाताचं पीक लवकर येतं, मग उत्पादन का घटतं?

तापमानवाढीनं भाताचं पीक लवकर हाती येतं, मग वर्षात एखादं पीक जास्त बसेल का, असा तुमचा प्रश्न आहे. लवकर येतं हे खरं. पण ते दिवस जातात कुठून, ते आधी बघा.

ढोबळ हिशोब असा. भाताची वाढ साधारण १० अंश सेल्सिअसच्या वर सुरू होते. सरासरी २६ अंशांत १२० दिवसांत येणाऱ्या वाणाला (२६ − १०) × १२० = १९२० उष्णता-एकक, म्हणजे १० च्या वरच्या रोजच्या अंशांची बेरीज, लागतात. सरासरी २८ झाली की तेवढीच एककं १०७ दिवसांत भरतात. म्हणजे १३ दिवस कमी, आणि तेवढे दिवस पानांना ऊन कमी. फुटवे कमी, दाणे भरायलाही वेळ कमी. दिवसाच्या लांबीवर फुलणाऱ्या गरव्या (उशिरा येणाऱ्या) वाणांना हा हिशोब लागू पडत नाही.

खरा घात होतो तो फुलोऱ्यात. भाताचं फूल बहुधा सकाळी उशिरा उमलतं आणि तासाभरात मिटतं. नेमक्या त्या वेळी लोंबीचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर परागकोश नीट फुटत नाहीत, फलधारणा होत नाही आणि दाणा पळिंज (पोकळ) राहतो. त्याला एक तासही पुरतो. बाकी हंगाम कितीही चांगला गेला तरी हे भरून निघत नाही. इथे हवेपेक्षा लोंबीचं तापमान महत्त्वाचं: कोरड्या हवेत बाष्पोत्सर्जनानं लोंबी गार राहते, दमट हवेत राहत नाही. म्हणून ३६ अंश कोरडे परवडतात, ३६ अंश दमट नाहीत.

रात्रीकडे मात्र कुणी बघत नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या १९९२ ते २००३ च्या नोंदींत कोरड्या हंगामात किमान तापमान १ अंशानं वाढलं की उत्पादन सुमारे १०% घटलेलं दिसलं. रात्र उबदार असली की दिवसा तयार झालेलं अन्न श्वसनात जास्त खर्च होतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं. शिवाय निसवल्यानंतरच्या (लोंब्या बाहेर पडल्यानंतरच्या) पहिल्या २० दिवसांत सरासरी २६-२७ अंशांच्या वर गेली तर दाण्याचं पोट पांढरं पडतं आणि भरडताना तुकडा वाढतो.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं पीक जोमदार दिसतं, पण पळिंज त्यानं टळत नाही. थंड प्रदेशांना, उदाहरणार्थ जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाला, उष्णतेचा फायदा होऊ शकतो. तिथली अडचण पोटरीतल्या (लोंबी अजून पानाच्या आवरणात असतानाच्या) थंडीची असते.

म्हणून पेरणीची तारीख फुलोऱ्यावरून मागे मोजून ठरवा. फुलोरा ते कापणी उष्ण प्रदेशात साधारण ३० दिवस धरा. म्हणजे १२० दिवसांचं वाण ९०व्या दिवसाच्या आसपास फुलतं. तो आठवडा नेहमीच्या कडक उन्हात येत असेल तर पेरणी मागेपुढे करा किंवा हळवं (लवकर येणारं) वाण घ्या. रोपं दिवस मोजून न काढता ४-५ पानांवर काढा. उबदार रोपवाटिकेत ती लवकर जून होतात आणि फुटवे कमी देतात. खाचर आलटून-पालटून भिजवत आणि सुकवत असाल तर ते फुलोऱ्याच्या आठवड्यात थांबवून खाचरात ५ सेंटिमीटर पाणी ठेवा.