गंजलेले बोल्ट सोडवताना आधी कोणती अवजारे घ्यावीत?

प्रश्न : माझी चारचाकी 25 वर्षांची आहे. तिच्या खालच्या बाजूचे काम करताना रिंग पान्याने दोन बोल्टांची डोकी गोल झाली आणि सायलेन्सरच्या पाइपाकडचा एक स्टड तुटला. आता मोठा इम्पॅक्ट रेंच घ्यावा का?

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणींची कारणे वेगळी आहेत, आणि पहिलीवर इम्पॅक्ट रेंच, म्हणजे झटके देत बोल्ट फिरवणारे यंत्र, हा उपाय नव्हे. बहुतेक रिंग पाने बारा कोनी असतात. ते डोक्याच्या कोपऱ्यांजवळ जोर देतात, त्यामुळे गंजाने कोपरे झिजले असतील तर पाना घसरतो आणि उरलेले कोपरेही घेऊन जातो. सहा कोनी सॉकेटचा, म्हणजे दांड्याला लावून डोक्यावर टोपीसारख्या बसवायच्या पान्याचा, जोर डोक्याच्या सपाट बाजूंवर येतो. म्हणून पहिला खर्च चांगल्या सहा कोनी सॉकेटांवर आणि लांब दांड्यावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गंजामुळे डोके बारीक होऊन 13 मिमीचे सॉकेट सैल बसत असेल, तर अर्ध्या इंचाचे, म्हणजे 12.7 मिमीचे सॉकेट हातोडीने ठोकून घट्ट बसवता येते. आपल्या गोल झालेल्या दोन बोल्टांवरही आधी हेच करून पाहावे.

स्टड, म्हणजे डोके नसलेला आटेदार दांडा, तुटण्याचे कारण आट्यांमध्ये आहे. ज्या लोखंडापासून गंज तयार होतो, त्यापेक्षा तो कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आट्यांमधली फट ठासून भरतो. अशा वेळी नुसता पीळ वाढवत गेल्यास आटे सुटण्याआधी स्टडच तुटतो. त्यामुळे आधी गंजाची पकड मोडावी लागते, आणि त्यासाठी लागणारी अवजारे साधी आहेत : उघडे आटे साफ करण्यासाठी वायर ब्रश, गंजात झिरपणारे पेनिट्रेटिंग ऑइल आणि हातोडी. तेल आदल्या दिवशी लावून मधूनमधून पुन्हा लावावे, डोक्यावर सरळ ठोके द्यावेत, आणि बोल्ट किंचित हलला की तो एका दमात न काढता पुढे-मागे फिरवत बाहेर आणावा. एवढ्याने भागले नाही तर उष्णता द्यावी; मात्र ती नटाला द्यावी, कारण नट प्रसरण पावल्यानेच पकड ढिली होते. इंधनाच्या नळ्या किंवा रबरी भाग जवळ असतील तेथे ज्योत मुळीच वापरू नये. विजेवर चालणारा इंडक्शन हीटर तेथे अधिक सुरक्षित ठरतो, तरी तापलेल्या धातूपासून ते भाग दूरच ठेवावेत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग तर कधीही तापवू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो.

इम्पॅक्ट रेंच यानंतर घ्यावा. त्याचे झटके जाड बोल्टांवर खरोखर उपयोगी पडतात, पण 6 किंवा 8 मिमीचे बोल्ट तो सहज तोडतो. त्याच्यासोबत इम्पॅक्टसाठी बनवलेलीच सॉकेट वापरावीत, कारण हाताने वापरायची चकचकीत सॉकेट झटक्यांनी तडकू शकतात.

तुटलेल्या स्टडचा तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट वेल्ड करून घेणे मला सर्वांत भरवशाचे वाटते. पकडायला नवे डोके मिळते आणि वेल्डिंगची उष्णताही कामी येते. तुकडा आत गेला असेल तर डाव्या फिरकीचे, म्हणजे बोल्ट सुटण्याच्या दिशेने फिरत कापणारे ड्रिल वापरावे. पुष्कळदा छिद्र पाडतानाच तो फिरून बाहेर येतो. स्क्रू एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुकड्यात पाडलेल्या छिद्रात रुतवून तो फिरवून काढायचे अवजार, शेवटी हाती घ्यावा, कारण तो कडक पोलादाचा असतो आणि आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही.