आठ महिने थांबलो तर दहा लाख वाचतील?

प्रश्न (पत्र थोडक्यात) : आम्ही सांगलीचे. बाबा 76 वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढलेलं असतं. हृदयातली महाधमनीची झडप खूप अरुंद झाली आहे. हल्ली जिना चढताना ते चौथ्या पायरीवर थांबतात आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत असल्यासारखं करतात. मागच्या महिन्यात देवघरात चक्कर येऊन पडले. पुण्याच्या डॉक्टरांनी टावी, म्हणजे छाती न उघडता नळीवरून नवी झडप बसवणं, सुचवली आहे, एस्टिमेट साडेसोळा लाख. छाती उघडून शस्त्रक्रिया केली तर पावणेपाच लाख. दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी आईबाबांसाठी दहा लाखांची पॉलिसी घेतली, पण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांची अट आहे. ती आठ महिन्यांनी संपेल. चार वर्षांपूर्वीच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडप थोडी अरुंद असल्याचं लिहिलं होतं. फॉर्मवर ते लिहिलं नाही, एजंट म्हणाला गरज नाही. तोवर औषधांवर काढलं तर चालेल का? नाहीतर प्लॉट विकायचा का? बाबा म्हणतात, माझ्यावर एवढे पैसे घालू नका, नातीच्या शिक्षणाला ठेवा.

उत्तर : थांबू नका. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या पत्रात बाकीचं सगळं जुळवता येण्यासारखं आहे, हे आठ महिने तेवढे नाहीत.

मी डॉक्टर नाही. पण झडपेच्या खर्चाचं नियोजन करायला माणसं येतात, म्हणून या आजाराचे आकडे मला पाठ झाले आहेत. महाधमनीची झडप अरुंद झाली की वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. त्रास सुरू झाला की मात्र घड्याळ लागतं. रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी 1968 मध्ये मांडलेला हिशेब आजही सांगितला जातो : झडप बदलली नाही तर छातीत दुखायला लागल्यावर सरासरी पाच वर्षं, शुद्ध हरपायला लागल्यावर तीन, हृदय थकून दम लागायला लागल्यावर दोन. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, पार्टनर नावाच्या टावीच्या चाचणीत ज्यांची उघडी शस्त्रक्रिया शक्यच नव्हती असे रुग्ण होते. त्यातल्या नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी वर्षभरात शंभरातले सुमारे 50 गेले. टावी केलेल्यांपैकी सुमारे 30. ते रुग्ण तुमच्या बाबांपेक्षा जास्त आजारी होते, त्यामुळे तो आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नका. पण एक गोष्ट त्यातून नक्की कळते. चुना साचून ताठरलेली झडप गोळीने मोकळी होत नाही. औषधं त्रास थोडा कमी करतात, इतकंच. देवघरातली चक्कर आणि चौथी पायरी, दोन्ही या यादीतलीच लक्षणं आहेत.

आता ते दहा लाख. तुम्ही ते आठ महिन्यांनी मिळणारच असं धरून चालला आहात. मी धरणार नाही. पॉलिसी घेण्याआधीच्या 36 महिन्यांत निदान झालेला आजार हा 'आधीपासूनचा आजार' ठरतो, आणि तुमचा इको पॉलिसीच्या जेमतेम वीस महिने आधीचा आहे. तीन वर्षांनी संरक्षण मिळतं ते फॉर्मवर सांगितलेल्या आणि कंपनीने मान्य केलेल्या आजाराला. न सांगितलेल्या आजारावरून कंपनी दावा नाकारू शकते, पॉलिसीही रद्द करू शकते. पॉलिसी सलग 60 महिने चालली, की मग फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला अशी हरकत घेता येत नाही. तुमचे 28 झालेत. वर पॉलिसीत 20 टक्के को-पे, म्हणजे दाव्यातला आपण भरायचा वाटा, असेल (ज्येष्ठांच्या पॉलिसीत बहुतेक वेळा असतोच), तर दहातले दोन लाख तुमच्याच खिशातून. म्हणजे अनिश्चित आठ लाखांसाठी बाबांनी आठ महिने त्या जिन्यावर थांबायचं. मला हा व्यवहार मान्य नाही.

आणि कोणी सुचवलं तरी डॉक्टरांना 'आताच निदान झालं' असं लिहून द्यायला सांगू नका. जुना इको फाइलमध्ये लावा, दावा खऱ्या कागदांवरच करा. नाकारला गेला तर तो पैसा हिशेबात नव्हताच. आईसाठी मात्र आजच कंपनीला लेखी कळवा, तिचं काही सांगायचं राहिलं असेल तर.

पॉलिसी शून्य धरली, तरी दोन दारं ठोठवायची राहिली आहेत. तुमच्या बहिणीने तीन लाख देऊ केल्याचं तुम्ही लिहिलंय. ती पुण्यात आयटीत आहे. तिच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील आहेत का, हे तिने आज संध्याकाळीच बघावं. ग्रुप पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. तुमच्या ऑफिसातही विचारा. माणसं इथे नेहमी चुकतात. स्वतःच्या पॉलिसीचा कागद शोधत बसतात आणि एचआरला फोन करायचं राहून जातं.

दुसरं दार सरकारी. 70 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाख, आणि जुन्या आजाराची अट नाही. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड घेता येतं. उघड्या शस्त्रक्रियेने झडप बदलणं यात बसतं. टावीसाठी ते चालेल का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कार्ड मात्र या आठवड्यातच काढून घ्या, बाबांचंही आणि आई सत्तरीच्या पुढे असेल तर तिचंही.

म्हणजे खरी तुलना साडेसोळा विरुद्ध पावणेपाच अशी नाही. साडेसोळा विरुद्ध जवळपास शून्य, अशी आहे. हे तुमच्यापासून लपवून मी टावीच्या बाजूने बोललो तर ते खरं होणार नाही. उघडी शस्त्रक्रिया हा काही कमी दर्जाचा उपचार नाही. सत्तरीच्या आतल्या कित्येकांना तीच सुचवतात. पण बाबा 76 चे आहेत. अमेरिकेतल्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 ते 80 या वयात दोन्ही पर्याय समोर ठेवून ठरवायला सांगितलं आहे, 80 च्या पुढे टावीकडे कल आहे. छाती उघडली की हाड जुळायला दीड-दोन महिने, त्यात मधुमेह आणि नाजूक मूत्रपिंड. टावीत जांघेतल्या धमनीतून नळीवरून घडी केलेली झडप वर नेतात आणि जुन्या झडपेच्या आतच ती उघडतात. फ्रान्सच्या रूआँ शहरात ॲलन क्रिबिए यांनी 2002 मध्ये नळीवरून अशी झडप माणसाला पहिल्यांदा बसवली. सगळं सुरळीत झालं तर चार-पाच दिवसांत घरी. मात्र पेसमेकर लागण्याची शक्यता टावीत जास्त असते, आणि टावीआधीच्या सीटी स्कॅनसाठी देतात त्या औषधाचा भार मूत्रपिंडावर पडतो.

म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद दोघांनाही एकत्र भेटा आणि थेट विचारा : या मूत्रपिंडांसह उघड्या शस्त्रक्रियेचा धोका किती, सीटीत जांघेची वाट मोकळी दिसते का, पेसमेकरची शक्यता किती. दोघांनीही दोन्ही पर्याय सारखेच आहेत असं सांगितलं, तर वय वंदना कार्डावर उघडी शस्त्रक्रिया करा आणि मनात काही ठेवू नका. पण तुमच्या पत्रावरून डॉक्टरांचा कल टावीकडे स्पष्ट दिसतो. तो कायम राहिला, तर पैसे आहेत. प्लॉट न विकता आहेत.

तुम्ही एस्टिमेटचा फोटो पाठवलाय. त्यात सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, एक ओळ आहे : 'पेसमेकर, जादा आयसीयू दिवस व रक्तघटक वेगळे.' म्हणून साडेसोळावर दोन लाख धरा. साडेअठरा. आधी विचारून घ्या की यातली झडप कोणती. आपल्याकडे वापीत तयार होणारी झडपही वापरतात आणि परदेशी झडपाही, आणि दोन्हींच्या किमतीत फरक असतो. स्टेंटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे, या झडपांवर तशी नाही. त्यामुळे बोलणी करायला संकोचू नका. बिलिंगच्या खिडकीवर नको, डॉक्टरांशीच बोला.

बाबांची सहकारी बँकेतली चार लाखांची एफडी मोडा. बचत खात्यातून एक लाख घ्या. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांची दोन खाती आहेत, नऊ लाखांचं आणि सहा लाखांचं. सहाचं बंद करा. दोन वर्षं होऊन गेल्यामुळे एकच टक्का कापला जाईल, सहा हजार. बहिणीचे तीन लाख. हे झाले चौदाच्या आसपास. उरलेले साडेचार तुमच्या म्युच्युअल फंडातून. मुलगी आठवीत आहे, कॉलेजला अजून चार वर्षांहून जास्त अवकाश आहे. इक्विटी फंडावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यामुळे कराचा बोजा किरकोळच. पीपीएफला हात लावू नका. पर्सनल लोन तर नकोच, गृहकर्जाच्या हप्त्यावर दुसरा हप्ता चढला की घर दोन वर्षं वर येत नाही.

नऊ लाखांचं खाते मी मुद्दाम राखून ठेवलं आहे, आईसाठी. बाबांची ईपीएसची (प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेची) पेन्शन जेमतेम 2,900 रुपये, आणि त्यांच्या पश्चात तिला त्याची निम्मी. त्यांचं घर खरं चालतं ते पोस्टाच्या व्याजावर : 8.2 टक्क्यांनी पंधरा लाखांचे तिमाहीला 30,750. सहाचं खातं बंद झालं की 12,300 कमी होतील, महिन्याला 4,100. तुमच्या आठ हजारांच्या एसआयपीतून तेवढे तिच्या खात्यात वळते करा, पहिल्या महिन्यापासून, तिने मागण्याची वाट न बघता. ही गोष्ट राहून गेली तर बाबा बरे होतील आणि आई भाजीच्या पिशवीत काटकसर करत राहील, कोणाला कळणारही नाही.

प्लॉट विकू नका. घाईच्या विक्रीत गिऱ्हाईक तुमची घाईच विकत घेतं, आणि मोजणी, सर्च, दस्त यात दोन महिने जातात. ते दोन महिनेही आपल्याकडे नाहीत.

राहिलं बाबांचं म्हणणं. त्यांना हा कागद दाखवा. साडेअठरातले अकरा लाख त्यांचे स्वतःचे आहेत, तीस-पस्तीस वर्षं शिफ्ट करून साठवलेले. नातीचा फंड साडेचारने कमी होतो, बंद होत नाही. त्यांना बहुतेक वाटतंय की आपण मुलाचं घर मोडतोय. आकडे समोर ठेवले की ते वाटणं कमी होतं, हे मी माझ्या टेबलावर बघितलंय. तरीही ते नको म्हणाले, तर तो निर्णय त्यांचा, पण तो पैशाच्या भीतीपोटी झालेला नसावा.

ॲडमिट होण्याआधी एक काम उरकून घ्या. एफडी 'दोघांपैकी कोणीही' अशी असली तरी मुदतीआधी मोडायला बऱ्याच बँका दोघांच्या सह्या मागतात. आयसीयूत असलेल्या माणसाची सही आणणं फार अवघड असतं. आजच बँकेत आणि पोस्टात फोन करा, फॉर्म घरी आणा, बाबांची सही करून घ्या. नऊ लाखांच्या खात्यावर आईचं नाव नॉमिनी म्हणून आहे का, तेही त्याच वेळी बघा. आणि पोस्टाचं काउंटर वरच्या मजल्यावर असेल, तर पोस्टमास्तरांशी आधी बोलून ठेवा. बाबांना तो जिना चढायला लावू नका.